ऋतूच्या पायावरून राहिलेलं भांडण

मथुरे, आधीच सांगून ठेवते, इथे मी तुला 'तू' म्हणणार आहे. माझ्या वैशालीचं लग्न तुझ्या मुलाशी ठरल्यापासून आपण 'विहीणबाई, तुम्ही', 'विहीणबाई, घ्या ना अजून एक' असं करत आलो, कारण मांडवात चार लोकांसमोर तसंच करायचं असतं. पण त्याच्या कितीतरी आधी तू माझा घोटा धरून मला मातीत आडवी केली होतीस. जिने आपल्याला नाकावर पाडलं तिला जन्मभर अहोजाहो करणं सोपं नसतं. मी केलं, तूही केलंस. आता तू गेलीस आणि माझ्या अंगात तेवढी शिस्त उरलेली नाही.

तुझं दहावं झालं. त्या दिवशी खाडीवर कावळ्याने जे केलं त्यावरून मला तुझ्याशी भांडायचं आहे. लोक गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहितात. मीही लिहीन, पण मध्ये मध्ये.

तुला आपला तो पहिला सामना किती आठवत होता कोण जाणे, मला सगळा आठवतो, कारण त्यात मी फार सुंदर दिसत होते. रोह्याजवळच्या निडीच्या बाजूची, भातशेतीवाल्या घरातली मुलगी. आपल्यासारखी चढाई साऱ्या कुलाबा जिल्ह्यात कोणी करत नाही अशी माझी समजूत. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, आणि मध्यरेषा ओलांडताना त्या उडाव्यात म्हणून मी मान हलवायचे. कबड्डी खेळायला आले होते की वरातीत नाचायला, हे माझ्या शाळेच्या बाईंनाही कळत नसावं. तू मिठागरवाल्याची पोर. केस तेलाने चपटे, कोपऱ्यात उभी. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस, याचा मला राग आला. म्हणून मी मुद्दाम तुझ्या कोपऱ्यात पाय टाकला, आणि त्यानंतर मला एकदम आभाळ दिसलं. मी पंचांकडे जाऊन रडले की हिने मला धक्का दिला. तू तिथूनच शांतपणे म्हणालीस, "धक्का नाय दिला गो रिबीनवाली. धरून ठेवली तुला."

घोटा सुजला. घरी गेले तर आईने उकड्या तांदळासाठी भात उकडून अंगणात चटईवर ओतलेला. भात म्हणजे टरफलासकटचा, वाफाळता, ओला. कापणी-झोडणीने पाय आखडले की त्या ढिगात पाय खुपसून बसायची आमच्याकडे पद्धतच होती. आखडलेल्या पायाला त्याने खरंच बरं वाटतं. पण ताज्या सुजेला नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. मी ढीग निवेपर्यंत बसले आणि उठले तेव्हा घोट्याचा सुरण झाला होता. आईने गाढवापासून सुरुवात करून बरीच जनावरं माझ्या नावावर घातली. मी तिला समजावत होते की शेकाने सूज बाहेर पडते आहे, आतली संपली की थांबेल. पुढचा सामना हुकला. तरीही शेकाचा पक्ष मी सोडला नाही. बुद्धी कमी असली की निष्ठा वाढते, तसं माझं झालं.

तुमचं खाडीवाल्यांचं उलट. मिठागरावर दिवसभर उन्हात राबायचं आणि भरतीचं पाणी आलं की मांड्या बुडेपर्यंत त्यात उभं राहायचं, पाय बधिर होईस्तोवर. सामन्यानंतरही तू तेच करायचीस. गुडघा दुखला की खाडीत, बधिर झाला की पुन्हा मैदानात. पुढे लग्नाआधीच तो गुडघा कायमचा गेला आणि तू एका बाजूला कलून चालायला लागलीस. वैशालीला बघायला आलीस तेव्हा मी तुझा चेहरा ओळखला नाही, चालही नवीन होती. मी चहाची बशी देताना तू माझं मनगट धरलंस, आणि ती पकड मात्र मी लगेच ओळखली. तू पोह्यांवरचं खोबरं बाजूला सारत विचारलंस, रिबिनी कुठे गेल्या. बिचारे जावईबापू, त्यांना वाटलं हुंड्यातलं काहीतरी आहे.

जावईबापूंना धाटावच्या कंपनीत नोकरी, म्हणून वैशालीचा संसार रोह्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. ऋतू तिथेच जन्मली, आणि चालायच्या आधी रांगत चढाई करायला लागली. त्यात माझा हात नव्हता. तुझाही नव्हता असं तू म्हणायचीस.

ती शाळेच्या संघात गेली आणि आपल्या दोघींना पुन्हा मैदान मिळालं. सराव संपवून पोरगी घरी यायची ती पाय ओढत. मांड्या दगडासारख्या. तू पेणहून गाडीने यायचीस, हातात थर्माकोलचा डबा, त्यात मासळी आणि बर्फ. मासळी वैशालीच्या मोरीत जायची आणि बर्फ फडक्यात बांधून ऋतूच्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्या बाकावर कोणी बसायचं नाही, बोंबलाचा वास येतो म्हणून. मी माझ्याकडून जाड मांजरपाटाच्या पिशवीत भात भरून शिवला होता. तो तव्यावर गरम करायचा आणि शेक द्यायचा. पहिल्या दिवशी पिशवी करपली, लाह्या फुटल्या आणि पोरगी हसून हसून पडली. शेवटी तिनेच तोडगा काढला. डावा पाय पेणच्या आजीचा, उजवा रोह्याच्या आजीचा. दुसऱ्या दिवशी सरावाला जाताना सांगायची, आज पेण पुढे होतं, आज रोहा. आपण दोघी दारात उभ्या राहून निकालाची वाट बघायचो. आपल्याला नातवंडं बरीच, पण इतकं लक्ष आपण एकाच्याही गणिताकडे दिलं नसेल.

ते दिवस फार चांगले होते. तुला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हणजे बर्फ मान्य केलात ना.

मग ती मांडी. सरावात पकड सोडवून मागे झेपावताना डाव्या मांडीच्या मागे काहीतरी तुटल्यासारखं झालं, ती बसली ती उठेना. डॉक्टरकडे आपण दोघी तिच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो, पंचांसमोर बसावं तशा. डॉक्टर म्हणाले, पहिले एकदोन दिवस गार ठेवा, सूज उतरली की नंतर हलका शेक चालेल, पण मुख्य औषध विश्रांती, मी बघितल्याशिवाय धावायचं नाही. एवढं सरळ वाक्य. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तू म्हणालीस, बघा, गार म्हणाले. मी म्हणाले, बघा, शेक म्हणाले. तिसरी, विश्रांतीची गोष्ट आपण दोघींनी डॉक्टरांच्या टेबलावरच ठेवली आणि रिक्षात बसलो.

ठेवली, कारण जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली होती. किशोरी गटातलं ऋतूचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही, वरच्या गटात तिच्याहून दांडग्या मुली. हे आपल्याला पोरीनेच इतक्या वेळा ऐकवलं होतं की आपल्यालाही मांडीपेक्षा तारीखच दिसायला लागली होती.

तू रोह्यातच राहिलीस आणि बर्फ चालू ठेवलास, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले तरी. आणि पोरगी उठली, चालली, एक दिवस हळूच धावून आली. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी दोन दिवस वैशालीच्या गल्लीत आले नाही. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. या वेळी आवाजही केला नाही, नुसती पांढरी पडली.

तू पेणला निघून गेलीस. मला वाटलं, हरली, म्हणून गेली. मला बरंही वाटलं थोडं.

मग तुझा फोन आला. मी म्हटलं, बोला विहीणबाई, संपला का बर्फ. तू हसली नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू 'तुम्ही' विसरलीस.

"अगो, ऐक माझं. बर्फानं दुखणं जात नाय. गप बसतं. माझ्या गुडघ्याचं तेच झालं, ते गप बसलं नि मला वाटलं गेलं. पोरीला नाय खेळवायची."

मी काय बोलले ते तुला माहीत आहे. मी म्हणाले, आता शेकाची पाळी आली तर तुम्हाला खेळवायची नाही होय. चार दिवस माझ्या हातात द्या, सरळ करून उभी करते. मागे तुझ्या अंगणात कोणीतरी भांडी घासत होतं. मग म्हणालीस, मी येते परवा, समोरासमोर बोलू, फोनवर तुला कळायचं नाय. परवाच्या आदल्या पहाटे तू झोपेतच गेलीस. तुझ्या घरून आलेला दुसरा फोन तुझा नव्हता.

त्या बोलण्याला साक्षीदार कोणी नाही. तू आणि मी. आणि तू गेलीस.

दहाव्याला मी, वैशाली आणि ऋतू तुझ्या घरी होतो, पुरुषमंडळी खाडीवर. फार वेळ झाला तरी कोणी परतेना. मग कळलं की कावळा पिंडाला शिवत नव्हता. समोरच्या खाजणातल्या झाडावर कावळ्यांची ओळ बसलेली, पण एक खाली येईल तर शपथ. मग सुरू झालं, म्हातारीचं मन कशात अडकलंय. तुझ्या धाकट्या बहिणीला सांभाळू म्हटलं, घर विकणार नाही म्हटलं. कावळे ढिम्म. कोणीतरी म्हणालं, तिचा जीव त्या नातीत होता. तेव्हा जावईबापू हात जोडून मोठ्याने म्हणाले, आई, येत्या रविवारी निवडीला ऋतू खेळेल, मी स्वतः तिला घेऊन जाईन. आणि म्हणे ते शब्द संपायच्या आत कावळा खाली आला.

घरी येऊन हे सांगताना ते लहान मुलासारखे रडले. वैशाली रडली, ऋतू रडली आणि रडता रडता तिचा चेहरा उजळला. मीही रडले. माझ्या रडण्यात आणखी काय मिसळलं होतं ते सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. मथुरे, मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांच्या भांडणात कावळा माझ्या बाजूने शिवला होता. तुझा फोन मला आठवत होता, पण मी मनाशी म्हटलं, गेल्यावर माणसाला जास्त कळतं, तिने मत बदललं असेल. काय सोयीची अक्कल ही. त्या रिबीनवालीचीच, वय तेवढं वाढलेलं.

रोह्याला परतलो आणि मी जोमाने शेक सुरू केला. ऋतू म्हणे, खूप बरं वाटतंय आजी. वडिलांसमोर उठाबशा काढून दाखवायची, ते खूश. मी गल्लीत सांगत फिरले की पोरगी भाताने उभी केली.

शुक्रवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. वैशाली बाजारात, ऋतू आतल्या खोलीत. पिशवी गरम करून आणली आणि ठेवण्याआधी सहज मांडीवर हात फिरवला. मांडी गार होती. पाण्याच्या माठाला हात लावावा तशी.

मी विचारलं, बर्फ लावलास? ती म्हणाली, थोडासा. रोज? तिने मान डोलावली.

"कशाला गो?"

"बाबा यायची वेळ झालीय. उठाबशा काढताना दुखलं तर ते नाय नेणार मला."

म्हणजे मी यायच्या आधी तुझा बर्फ, वर माझा शेक, आणि आपल्या दोघींच्या मध्ये ती दुखरी मांडी तोंड दाबून बसलेली. ऋतू रडली नाही. तिने मला समजावलं, की पेणच्या आजीची इच्छा आहे, कावळ्याने सांगितलंय, दोन दिवसांचा प्रश्न आहे. मी म्हणाले, पेणच्या आजीने मला नाय म्हटलं होतं. फोनवर. पोरीने माझ्याकडे बघितलं, हसली, आणि म्हणाली, आजी, तू ना.

खोड्या करण्यात जन्म घालवला त्याचं हे फळ. माझं कोणी खरं मानत नाही. जावईबापू शिफ्टवरून आले, त्यांना सांगितलं, तर ते पायातले बूट न काढता तसेच उभे राहिले. कारखान्यात मोठमोठी यंत्रं सांभाळणारा माणूस. त्यांनी खरोखर विचारलं, "आई, मग कावळा?"

मी म्हणाले, कावळ्याला भूक लागली असेल. तेवढ्यात आलेल्या वैशालीने मला गप्प केलं. म्हणाली, तूच तर शेकून खेळवणार होतीस, आता सासूबाई गेल्यावर त्यांच्या तोंडी काहीही घालू नकोस. तिचं चुकलं नाही. मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते, वर दोन शिव्या.

मग मला दुसरं काही सुचेना. मी म्हणाले, ठीक आहे, पोरीला उठाबशा काढू दे. पण बर्फ उतरल्यावर. आपण थांबू.

आणि आम्ही थांबलो. चौघं, एका खोलीत. कोणी टीव्ही लावला नाही. ऋतू भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेली, जावईबापू खुर्चीत, वैशाली उगाच निवडलेली भाजी पुन्हा निवडत. मी मध्येच उठून मांडीला हात लावायचे आणि परत बसायचे. गार. जरा कमी गार. अंगाएवढी. तुझ्या बर्फाला उतरायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. ऋतूचा चेहरा हळूहळू बदलत गेला, जसं कोणीतरी तिच्या आत एकेक दिवा लावत होतं आणि तिला ते नको होतं. ती म्हणाली, आता नको, उद्या काढते. जावईबापू म्हणाले, एक काढ फक्त.

ती उभी राहिली आणि खाली वाकायला लागली. अर्ध्यातच तिचा हात कपाटाकडे गेला. तुझ्यासारखाच दात आवळून धरलेला जबडा. जावईबापूंनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, बस.

एवढंच. रविवारी निवड झाली पेणला, तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ऋतू गेली नाही. संघाची नावं तिला मैत्रिणीच्या मोबाईलवरून कळली. डॉक्टरांनी परत बघितलं. स्नायू अजून जुळलेला नाही, त्या दिवशी जोर लावला असता तर पुरता फाटला असता, असं म्हणाले. मी विचारलं, आता धावेल ना पुन्हा. ते म्हणाले, बघू.

तेव्हापासून ऋतू माझ्याशी बोलत नाही. आजवर ती माझ्यावर कधी रागावली नव्हती. आपली वाटणीच तशी होती, शिस्त तुझी आणि लाड माझे. तू डोळे वटारायचीस म्हणून मला खाऊ देता यायचा. आता पोरीला दोन्ही आज्या मीच, आणि मला डोळे वटारता येत नाहीत, हसू येतं. परवा तिच्यासाठी शिरा केला. तिने तो खाल्ला, पाठ करून.

जावईबापू मात्र फार मनाला लावून घेतात. गच्चीच्या कठड्यावर कावळा बसला की हात जोडतात, दिलेला शब्द मोडला म्हणून. मी त्यांना सांगितलं, शब्द तुम्ही दिलात, मोडला मी. तुलाही तेच सांगते. तुझं मन कशात अडकलंच असेल तर त्या भल्या माणसाच्या स्वप्नात जाऊ नकोस, त्याला पहाटेची पाळी असते. माझ्याकडे ये. मला आता झोप नाहीच. ये आणि सांग, तू फोनवर जे म्हणालीस ते मी बरोबर ऐकलं ना. की परवा येऊन तू आणखी काही सांगणार होतीस, एखादं असं काहीतरी जे आपल्या दोघींनाही तोवर सुचलं नव्हतं, आणि पोरीचं वर्ष वाचलं असतं.

हे कुणाला विचारू. म्हणून सकाळी वैशालीकडे जाते आणि जिन्याखाली उभी राहते. ऋतू शाळेला निघते. मला बघून बोलत नाही, पण उतरताना मला तिची पावलं ऐकू येतात. उजवं नीट पडतं. डावं अजून जपून.